चांदी भरायचं काम

मंडळी, आयाबहिणींनो,

तुम्ही सगळे हातातली कामं टाकून आलात. आमच्या माहेरची माणसं घाटघरवरून दोन गाड्या बदलून ओतूरला आलीत. मला बोलायला उभं केलंय. मी नर्स आहे. आंबेगाव तालुक्यात सरकारी दवाखान्यात नोकरी करते. माणसं जाताना मी बघितलीत, त्यांच्या घरच्यांना धीर दिलाय. आज मला ते काही सुचत नाही. मधेच थांबले, तर थांबू द्या.

मी सुनंदाची धाकटी बहीण. मी तिला अक्का म्हणायचे.

माझ्या आधी जे बोलले, ते चांगलंच बोलले. सोशिक होती म्हणाले, कष्टाळू होती म्हणाले. एक भाऊ म्हणाले, सुनंदाताईंची तब्येत पहिल्यापासून नाजूक, स्वभाव जरा तापट, शेवटी देवाची इच्छा. भाऊ, तुमचा मान राखून सांगते. नाजूक नव्हती. तापट नव्हती. आणि यात देवाला मधे आणू नका. देवानं तिच्या हातावर पारा ओतला नव्हता.

अक्का नाजूक? घाटघरला धो धो पावसात गुडघाभर चिखलात ती भात लावायची. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढायची आणि वर पोचल्यावर आम्हालाच हसायची, "दमल्या का गं राण्या?" अशी होती. लग्न होऊन ओतूरला आली तेव्हा या गल्लीतल्या बायांना माहीत आहे, हळदीकुंकवाला गाणं म्हणायला पहिलं तिलाच पुढं करायचे. करायचे का नाही? मान हलवू नका नुसती. आठवा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओतुरात दातांचा दवाखाना निघाला. त्याआधी दात दुखला की जुन्नरला नाहीतर नारायणगावला जावं लागायचं. डॉक्टरसाहेबांना मदतीला बाई पाहिजे होती. अक्का दहावी शिकलेली, हात चपळ. दाजी म्हणाले, जा, चार पैसे येतील. ती गेली. आणि तिला ते काम आवडलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

माप घ्यायचा गुलाबी लगदा किती पाण्यात कालवायचा, तोंडात तो किती वेळात धरतो, लवंगेच्या तेलाचं सिमेंट पावसाळ्यात कसं लवकर आळतं, सगळं ती मला सांगायची. कवळीच्या मापासाठी पांढरं प्लास्टर कालवायची ना, ते घट्ट होताना गरम होतं. तिनं एकदा घरी थोडं आणलं आणि माझ्या पोरांच्या हातावर ठेवलं. "थांबा, आता बघा कसं ऊन ऊन लागतंय." पोरं खूश. त्या दिवशी तिचा चेहरा असा होता, की जणू ते तिनंच शोधून काढलंय.

आणि ती म्हणायची, "मी चांदी भरायचं काम करते." दात किडला की चांदी भरतात, तुम्हीही असंच म्हणता. मीही तेच ऐकलं. चांदी. त्या शब्दात पारा कुठं ऐकू येतो?

मंडळी, ती चांदी कशी तयार व्हायची ते ऐका. चांदीची भुकटी आणि पारा, दोन्ही काचेच्या खलात घालून घोटायचं. मग तो गोळा मलमलच्या फडक्यात घ्यायचा आणि जास्तीचा पारा बोटांनी पिळून काढायचा. मग तळहातावर घेऊन मळायचा. उघड्या हातानं. हातमोजे डॉक्टरसाहेबांच्या हातात असायचे, अक्काच्या नाही. पिळलेला पारा बशीत. बशी उघडी. थेंब खाली पडला की काथ्याच्या मॅटमध्ये जायचा, झाडूनं पुढं सरकायचा, पुन्हा आत जायचा. आणि हे सगळं मागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी आहे, पण रस्त्याची धूळ येते म्हणून ती कायम बंद. त्याच खोलीत अवजारं उकळायचं भांडं, दिवसभर वाफ.

पाऱ्याला वास नाही. हवेत उडताना दिसत नाही. उकळावा लागत नाही, नुसता उघडा राहिला तरी उडतो. बंद खोलीत जास्तच. हे मला पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण दातांच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत का? शिकवतात. मी नंतर विचारलं. ते उत्तर पुढं सांगते.

आधी तिचे हात कापायला लागले. चहा द्यायची तर बशीत कप वाजायचा. सुईत दोरा जाईना. घरच्यांनी म्हटलं, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा. मग ती पाहुण्यांसमोर यायची बंद झाली. गाणारी बाई, कुणी हाक मारली तर लाल व्हायची, आत पळायची. मग चिडायला लागली. नळावरचं भांडण तुम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. हंडा फेकला तिनं. रडत घरी आली आणि मला म्हणाली, "मला कळंना बाई, मी का फेकला. माझ्यात कोण घुसलंय?"

तुमच्याकडे उत्तर तयार होतं. बाहेरचं लागलंय. देवऋष्याकडं नेली, अंगारा लावला. उतरलं नाही, तेव्हा म्हणाले डोक्यावर परिणाम झालाय. गल्लीत तिचं नाव काय पडलं होतं, मी या सभेत उच्चारत नाही. ते नाव ठेवणारे इथं बसलेत आणि त्यांनी मघाशी फोटोला हार घातला.

मग अंगठी. मावशी, तुम्ही तिच्या सासूबाई, वयानं मोठ्या. रागावू नका, रागावलात तरी मी बोलणार आहे. लग्नातली अंगठी तिच्या बोटात पांढरी पडली. तुम्ही चार बायांत म्हणालात, हिनं सोनं मोडून खोटी अंगठी घातली, माहेरी दिलं असंल. अक्का शपथा घेत राहिली. दाजी जुन्नरला सराफाकडे घेऊन गेले. सराफानं जाळावर धरली, रंग थोडा परत आला. तो म्हणाला, "सोनं खरंय भाऊ, याला पारा लागलाय." अक्का हसली, म्हणाली, "क्लिनिकमधला लागला असंल." घरी आले, अंगठी डब्यात ठेवली, विषय संपला. मावशी, तुम्ही तिला माफीचा एक शब्द बोलला नाहीत. आणि मी तुम्हा सगळ्यांना विचारते, सोन्याला लागलेला पारा दिसला, त्याच्या आतल्या बोटाला लागलेला कुणाला कसा दिसला नाही?

तरी ती कामावर जातच होती. दवाखान्यात तिला बरं वाटायचं, तिथं तिला कुणी नाव ठेवत नव्हतं. म्हणजे जिथं विष होतं, तिथंच तिला आसरा वाटत होता. हे आठवलं की मला झोप येत नाही.

पुढं तिच्या हिरड्या सुजल्या. तोंडातून लाळ गळायची, पदर ओला व्हायचा. दात हलायला लागले. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईचे दात. डॉक्टरसाहेबांनी त्याच खुर्चीत बसवून ते काढले. तिला सांगितलं, "सुनंदाबाई, नीट ब्रश करत जा." ती मान खाली घालून हो म्हणाली. नंतर खुर्ची पुसून पुढच्या पेशंटची चांदी मळायला आत गेली.

डॉक्टरसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय. तुमचं नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही. तुम्ही दुष्ट माणूस आहात असं मी म्हणत नाही. गरिबांचं तुम्ही केलंय, ते लोकांना माहीत आहे. पण त्या खोलीत तुम्ही किती वेळ थांबायचात? तयार गोळा दारातूनच तुमच्या हातात यायचा. तिथं श्वास ती घेत होती.

मग तिचं तोंड सुजलं, पाय सुजले. मी तिला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तोवर ती किती दवाखाने फिरली होती. कुणी शक्तीच्या गोळ्या दिल्या, कुणी झोपेच्या. पुण्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं अक्काचे हात बघितले, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "ताई, तुम्ही काम काय करता?"

बस. एवढाच प्रश्न. इतक्या वर्षांत तो कुणीही विचारला नव्हता. बाई म्हटल्यावर ती काय काम करत असणार, असं सगळे धरून चालले होते.

लघवी तपासली. पारा निघाला. किडन्या तोवर गेल्या होत्या. डॉक्टरीण म्हणाली, हात कापणं, लाजणं, चिडणं, विसरणं, सगळं पाऱ्यानं होतं. अक्कानं ते दोनदा विचारून घेतलं. "म्हंजी मी येडी न्हाई?" "नाही." "माझ्यात कोण घुसलं नव्हतं?" "नाही ताई." ती भिंतीकडं तोंड करून लई वेळ रडली. दाजी बाहेर जिन्यात जाऊन बसले.

तुम्ही घाबराल म्हणून सांगते, तुमच्या दातात बसलेल्या चांदीची तेवढी भीती नाही, हेही त्याच डॉक्टरिणीनं सांगितलं. भीती उघड्या पाऱ्याची, बंद खोलीत, रोजची.

परत आल्यावर मी आणि अक्का दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, सगळीकडे असंच करतात. कॉलेजात आम्हीही हातावरच मळलंय." मी विचारलं, "पुस्तकात काय लिहिलं होतं?" ते म्हणाले, "पुस्तकात पुष्कळ लिहिलेलं असतं." डॉक्टरसाहेब, हे तुमचं वाक्य आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

मी भांडत होते. अक्का भांडली नाही. ती मागच्या खोलीत कोण काम करतंय ते बघत होती. तिच्या जागी शबाना लागली होती. शबाना तिकडं शेवटी उभी आहे, तिच्या दोन्ही लेकी बरोबर आहेत. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी अक्का तिच्या घरी गेली. तिच्यासमोर आपले हात धरले. म्हणाली, "शबाना, हे बघ. तू पिळू नको. तुला काढून टाकतील, टाकू दे. पण पिळू नको." शबाना कामावर गेली आणि तिनं सरळ सांगितलं, मी हातानं मळणार नाही, खिडकी उघडल्याशिवाय आत बसणार नाही. तिच्या घरी तिच्या पगाराची किती गरज आहे ते मला माहीत आहे. तरी ती मागं हटली नाही.

त्यानंतर मशीन आलं. बंद कॅप्सूल असते, पारा आणि भुकटी आतच, मशीन ती हलवतं, गोळा तयार. पाऱ्याला हात लागत नाही. ही मशीनं पुण्यात कधीपासून मिळत होती. अक्काला डायलिसिसला नेताना वाटेत शबानानं ते दाखवायला बोलावलं. टेबलावर ठेवलं होतं, शिवणाच्या डब्याएवढं. अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढंसंच असतंय व्हय ते?"

गेल्या आठवड्यात ती गेली.

म्हणून मला राग आहे. तो मी घरी ठेवून आले नाही, आणि मृत्यूनंतर राग धरू नये असं मला कुणी सांगू नका. ती मॅट अजून त्या खोलीत आहे. डॉक्टरसाहेब, ती फरशीसकट काढा, आणि झाडूनं लोटून गटारात टाकू नका. कसं काढायचं ते पुण्याला विचारा. मी या तालुक्यात आणि आंबेगावात, मंचरपासून घोडेगावपर्यंत, दातांच्या प्रत्येक दवाखान्यात जाणार आहे. मागच्या खोलीत कोण बसतं ते बघणार आहे. शबाना माझ्याबरोबर येते म्हणालीय.

आता रिवाजाप्रमाणे आपण उभं राहून शांत राहायचं. तुम्ही मनात म्हणाल, तिच्या आत्म्याला शांती मिळो. ते म्हणू नका. ज्यानं तिला वेडी म्हटलं, ज्यानं चोर म्हटलं, ज्यानं नीट ब्रश कर म्हटलं, त्यानं मनात तिची माफी मागा. ज्याला मोठ्यानं मागायची असेल, त्यानं मोठ्यानं मागा. मी ऐकायला इथंच उभी आहे.

उठा.