आईची सही

—अंगठा? अगं ए म्याडम, अंगठा कुणाला मागतीस? आण हिकडं तो दवाखान्याचा कागद. ह्या साळूबाईनं सत्तराव्या वर्षी नातीच्या जुन्या पाटीवर बाराखडी गिरवली — मास्तर न्हाई, शाळा न्हाई. समदी पानं वाचणार, मग बोलणार. तवर चा पी. बिनसाखरेचा हाय, पोरीच्या तोंडाम्होरं साखर नको म्हणून समद्यांनीच सोडली.

काय लिवलंय बघू... इन्शुलिन करणाऱ्या पेशी, बारीक कवचात बंद करून पोटात ठिवायच्या. व्हय, समजलं! खुराड्याला जाळी मारावी तसं — दाणा-पाणी आत जातं, मुंगसाला शिरता येत न्हाई. आन् मुंगूस कुठलं, तर आपल्याच अंगातलं, परकं दिसलं की खायला टपलेलं. आता ह्या पेशी किती दीस टिकतील ते तुमाला बी ठावं न्हाई — मग हे मधल्या पानावर बारीक अक्षरात का? मोठ्यानं बोलायला जीभ झडती व्हय? पण असू दे. माझी स्नेहल सा वर्सं झाली, दिवसाला चार सुया टोचून घेतीया, पोटावर जागा राहिली न्हाई. पोरगी तयार हाय, मी बी तयार हाय. सांग, सही कुटं करू?

आईची? अगं, मी आजी हाय, मी वाढवली! बाप न्हाई — गोरख, माझा ल्योक, गेला. आई हितं नसती. मेली न्हाई, हितनं जवळच चांदा गाव हाय, तितं माहेरी हाय. मीच हाकलली सुनेला. का म्हंजे? पोरगी बेसुद पडली, जीपनं पुण्याला न्यावी लागली — हिनंच सुई चुकवली असंल, दुसरं काय? साऱ्या आळीसमोर बोल्ले मी, लेकीच्या जिवावर उठलीस म्हणून. ती आपली रडत म्हणती, आत्याबाई, येळच्या येळी दिली वो...

दिलीच व्हती तिनं. बघतीस काय अशी? औषध गारव्याला ठिवा म्हटला डागदर — म्या बर्फाच्या खणात कोंबलं. जास्त गार, जास्त टिकंल. गोठलं, ताकदच गेली त्याची. खोक्यातल्या कागदावर छापलेलं हाय, गोठवू नये म्हणून. वाचाया शिकले तवा पयलं तेच वाचलं. तीन वर्सं झाली — कुणाला बोल्ले न्हाई.

आन् तुला का सांगतीया मी? कोण तू माझी? ऊठ. चांद्यात दीपाली म्हणून इचार, कुणी बी घर दावंल. म्हणावं, लेकीसाठी ये, माझं तोंड बघू नगंस. आन् बर्फाचं... ते बी सांग. माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं. आता बसलीस काय? गाडी काढ म्हणते ना!