तपासनिसाचा चहा

हसू नका, तुम्हीच आहात म्हणून सांगतो. येरुहामच्या फॅक्टरीत पोती उचलता उचलता मला हर्निया झाला. बेर्शेव्याला सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. डॉक्टर म्हणाला, महिनाभर वजन उचलायचं नाही. मी भत्त्याचा अर्ज केला, तर विम्याच्या ऑफिसातला साहेब तपासायला थेट घरीच आला. दोन प्रश्न विचारले आणि निघाला.

"असं कसं? चहा घेऊनच जायचं!" मी त्याला बळेच बसवलं. आपल्या घरून कोणी कोरड्या तोंडाने गेलंय कधी?

तेवढ्यात बायको आतून ओरडली, "अहो, गॅस संपला!" पाहुणा खोळंबलेला, म्हणून मीच मागच्या अंगणात धावलो. परत येतो तर बायको बाहेरच्या खोलीत बसून मोडक्या हिब्रूत साहेबाला सांगतेय, "यांना तर पाण्याची बादलीसुद्धा उचलवत नाही हो!"

साहेबाने वर पाहिलं. मी दारात, भरलेला सिलिंडर कवेत.

चहा मात्र साहेब पुरा प्याला. माझा टाका उसवला होता, पण आता सांगणार कोणत्या तोंडाने? तो जाईपर्यंत सदऱ्यावरचं रक्त मी चहाच्या ट्रेने झाकून उभा होतो.