बल्दी कोणाला म्हणावं?

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या टोपीबाजाराचे प्रमुख सी शाझली, व्यासपीठावरील ज्येष्ठ कारागीर, आज दुकानातून निवृत्त होणारे माझे उस्ताद सी हम्दा, त्यांच्या पत्नी लल्ला झुबैदा, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

बल्दी कोणाला म्हणावं? सी शाझलींना विचारलंत तर ते म्हणतील, ज्याच्या सात पिढ्या ट्युनिसच्या वेशीच्या आत नांदल्या तो. त्यांच्या शेजाऱ्यांना विचारलंत तर, सी शाझली सोडून बाकी सगळे! (हसू नका, माझी खुर्ची त्यांच्याच शेजारी आहे.)

मी दूर दक्षिणेतल्या गफसाचा. आमच्याकडे हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. एकतीस वर्षांपूर्वी काम मागायला सी हम्दांकडे आलो. त्यांनी कॉफी पाजली, वडिलांची खुशाली विचारली आणि म्हणाले, "अरे बशीर, हे दुकान तुझंच समज."

बल्दी माणूस असं म्हणाला की कॉफी संपवायची, दुवा द्यायची आणि चालू पडायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरोदर बायको, वळकटी आणि लोकर पिंजायची काटेरी बोंडं घेऊन दारात हजर!

सगळा बाजार पोट धरून हसला. सी हम्दांनी एकवार माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि बाकावर सरकून जागा केली.

अकरा वर्षांनी माझ्या टोप्यांवर माझा शिक्का उमटवायची वेळ आली, तेव्हा बाजाराचे पंच अडून बसले. "सी हम्दा, हा बल्दी नाही."

"मी आहे ना? शब्द माझा आहे. त्याचा शिक्का नसेल, तर माझाही नको."

तो अख्खा हिवाळा त्यांची एकही टोपी बाजारात आली नाही. मी पाया पडलो, "सोडा हट्ट." ते म्हणाले, "तू लोकर पिंज." वसंतात पंच नमले.

काल धीर करून विचारलं, "उस्ताद, त्या दिवशी दुकान माझं म्हणालात, ते मनापासून होतं?"

"छे रे! तुला कटवत होतो. पण तू ते इतकं खरं मानलंस, की मला खोटं पडायची लाज वाटली."

मंडळी, मी त्या लाजेला बल्दी म्हणतो. सात पिढ्यांचा हिशेब सी शाझलींनी ठेवावा.

तुम्ही मला ऐकून घेतलंत, ऋणी आहे. गफसाची जीभ आहे, कुठे ओरखडा उठला असेल तर पोटात घाला. उस्ताद, तुमच्या हाताचं चुंबन घेऊन मी खाली बसतो.