डाळीच्या डब्यामागचा देव

नाही गं, बंद कशाला करतेस — मीही ऐकतेच आहे. आवाज तेवढा कमी कर, ती काउंटरवरची पोरगी मघापासून डोळे वटारते आहे. काय म्हणत होता तो माणूस तुझ्या मोबाइलमध्ये — देवावर विश्वास ठेवला की मेंदूचा विचार करणारा भाग मंदावतो? तेच ना? मग बरोबर ऐकलं मी. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे, बेटा. तुझ्या मोबाइलला निदान बंद करायचं बटण आहे. माझ्या घरात तेवढी सोय नव्हती.

मुस्कान ना तू? सासरे आत जाताना म्हणाले ना, ‘मुस्कान, चष्मा सांभाळ’ — त्यावरून कळलं. काउंटरवर ‘घेवरचंद, धुळे’ असं पुकारलं ना मघाशी — घेवरचंदजींची काळजी करू नकोस, त्या मशीनचा आवाजच तेवढा असतो, माणसाला काही होत नाही. आमचेही आतच आहेत, पलीकडच्या खोलीत, डोक्याला तारा लावून बसवलंय त्यांना. सोडायला वेळ लावतात. आमचे म्हणजे हिलाल सर — इथे जळगावातच शाळेत विज्ञान शिकवायचे, मूळचे सोनगीरचे, तुमच्या धुळ्याकडचे. मी फैजपूरची, केळीवाल्यांची पोर. सासरी निघताना आईनं ओटीत पितळेचा बाळकृष्ण घातला होता — अंगठ्याएवढा, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा. तो घेऊन मी घरात पाऊल टाकलं आणि सर म्हणाले, रत्ना, या घरात विचारस्वातंत्र्य आहे, म्हणून इथे देवघर नसेल. मी मान डोलावली. नवी नवरी दुसरं काय करणार? शिवाय वाक्य ऐकायला किती छान होतं — स्वातंत्र्य त्यांचं, पाळायचं मी.

मग बाळकृष्णाचं काय केलं? ठेवला तूरडाळीच्या डब्यामागे. रोज पहाटे डबा पुढे ओढायचा, देवाला दोन थेंब पाण्याची आंघोळ घालायची, साखरेचा दाणा ठेवायचा, डबा मागे सारायचा. सरांना कधी दिसला नाही का? अगं, दिसायला स्वयंपाकघरात यावं लागतं. सरांच्या विवेकाला कितीही भूक लागली तरी तो बाहेर पाटावर येऊन बसतो, ताट वाढून येईपर्यंत. सासूबाईंना माझ्या माहेरून कळलं होतं, त्यांनी मात्र कधी तोंडातून काढलं नाही. झुंबरबाई त्यांचं नाव, निरक्षर बाई — एकदा सर मला सगळ्यांपुढे बोलले, चतुर्थीचा उपास धरला म्हणून, तर म्हातारी भाकरी थापता थापता म्हणते कशी, ‘भाऊ, तुले देव नही मानना ते नको मान, पण तिले काबर बोलस?’ सरांनी त्यावर श्रद्धा माणसाला कशी परावलंबी करते ते समजावून सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आणि रविवारी विवेक मंडळ. आमच्या पुढच्या खोलीत. शालिग्राम भाऊ, निंबा भाऊ, आणखी सात-आठ जण — सगळे स्वतंत्र विचार करणारे हं, पण सरांच्या आधी कोणी करायचा नाही. सर बोलायचे, हे सगळे म्हणायचे, ‘अगदी बरोबर, सर.’ सर म्हणायचे, प्रश्न विचारा, कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका — हे म्हणायचे, ‘अगदी बरोबर, सर.’ मी आतून चहा घेऊन यायची आणि माझ्या मनात यायचं, यातल्या एकानं तरी प्रश्न विचारावा. एकदा मीच विचारला. म्हटलं, न विचारता मान डोलावली की मेंदू मंदावतो ना, मग ती देवापुढे डोलावली काय आणि माणसापुढे डोलावली काय, मंदावणार सारखाच की? सगळे हसले. शालिग्राम भाऊ म्हणाले, वहिनी, आलं छान पडलंय आज चहात.

असो. वाईट नव्हते गं सर. खोटं कशाला बोलू? दारूचा थेंब नाही, कुणाकडून पैसा खाणं नाही, आमच्या लेकीला, मेघाला, त्यांनी माझ्या माहेरच्यांशी भांडून पुण्याला शिकायला पाठवलं. फक्त त्यांना सगळं ठाऊक होतं. अशा माणसाबरोबर राहणं म्हणजे — तू नवी आहेस, कळेल हळूहळू.

निवृत्त झाले, त्यानंतरची गोष्ट. रविवार होता, विषय होता अंगात येणं. सर रंगात आले होते — देवी-बिवी काही नसते, सगळा मेंदूचा खेळ आहे — आणि ‘खेळ’ म्हणता म्हणता थांबले. एकदम. नजर भिंतीवर, ओठ चघळल्यासारखे हलताहेत, एक हात सदऱ्याची गुंडी चाचपतो आहे. मला वाटलं विसरले काहीतरी. आणि मग डोळ्यांतून पाणी. घळाघळा. आई गेली तेव्हा न रडलेला माणूस, आणि रडताना चेहरा कसा — लहान मुलाला कुणी उचलून घ्यावं तसा. म्हणाले, ‘आलाय. माझ्या मागे उभा आहे.’ निंबा भाऊंनी सवयीनं ‘अगदी बरोबर, सर’ म्हटलं आणि मग जीभ चावली.

तिथून आमच्याकडे उलटी गंगा. दर दोन-चार दिवसांनी तसंच व्हायचं. धुपासारखा वास येतो म्हणायचे, आणि मग तो येतो. कोण तो? नाव नाही, रूप नाही, उजव्या खांद्यामागे उभा राहतो आणि त्याची माया अशी, की सर म्हणायचे, रत्ना, अशी माया माझ्यावर कुणी केली नाही गं. मी शेजारीच बसलेली असायची, भाजी निवडत. महिन्याच्या आत सागवानी देवघर आलं, फ्रिजपेक्षा मोठं, घंटा-समई सगळं. पहाटे उठून सोवळं. मंडळ? निम्मे पळाले आणि निम्मे टाळ घेऊन आले. तेच रविवार, तीच सतरंजी. सर म्हणायचे, बुद्धीनं देव कळत नाही, शरण जा — हे म्हणायचे, ‘अगदी बरोबर, सर.’

शेजारणी म्हणाल्या, ताई, तुमच्या भक्तीला फळ आलं. मलाही वाटलं, चला, आता लपवायचं कारण उरलं नाही. डाळीचा डबा सारला, बाळकृष्ण पदरानं पुसला आणि सरांपुढे धरला. म्हटलं, डाळीच्या डब्यामागे होता, यालाही जागा द्या. किती वर्षांचा आहे विचारतील, का लपवलास विचारतील, हसतील तरी — असं आपलं वाटलं होतं. सरांनी तो तळहातावर घेतला, पाहिला, आणि म्हणाले, ‘याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही. आणि देव डब्यांच्या मागे ठेवायचे नसतात, रत्ना. दोष लागतो.’ मग तो सगळ्यात खालच्या पायरीवर, अगदी कोपऱ्यात ठेवला आणि मला पूजेचा क्रम समजावून सांगायला बसले. आधी सांगत होते मानू नकोस, आता सांगत होते कसं मानायचं. तुझ्या मोबाइलवाल्याला विचार — यात मेंदू बदलला म्हणायचा का? मला तर तोच दिसला. फक्त हुकूम बदलला होता.

मात्र ते प्रकरण वाढत गेलं. एकदा आंघोळ करता करताच आलं आणि पडले, कपाळ फुटलं, मी दार तोडायला माणसं बोलावली. इथे आणलं. फोटो काढले. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं — उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, बोराएवढी गाठ. म्हणाले, हे झटके आहेत, फेफऱ्याचाच एक प्रकार, त्या जागी गाठ असली की काहींना वास येतात, कुणी जवळ असल्यासारखं वाटतं, भरून येतं. काढावी लागेल, वाढते आहे. मेघा पुण्याहून आली होती, तिनं लगेच विचारलं, कधी काढायची? आणि सरांनी विचारलं, ‘गाठ काढल्यावर तो?’ डॉक्टर म्हणाले, तो कोण? सर म्हणाले, ‘माझ्या मागे उभा असतो तो.’ डॉक्टर तरुण आहेत, पण माणूस चांगला, हसले नाहीत. म्हणाले, सर, बहुतेक तोही जाईल. त्यावर सर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘डॉक्टर, चंद्र दुर्बिणीतून दिसला म्हणून दुर्बिणीत असतो का?’ आणि नाही म्हणून उठून आले घरी.

मेघा रडली, ओरडली. म्हणाली, बाबांची विचार करायची शक्तीच गेली. मी म्हटलं, बाई, असं चोख बोललेलं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

मग एका दुपारी मी लसूण सोलत होते. सर स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत — आले आणि खाली बसले, पाटावर नाही, फरशीवरच. थोडा लसूण ओढला पुढे, सोलायला लागले, येत नव्हतं. म्हणाले, ‘मी काय करू? तुला काय वाटतं?’ तू हसशील, पण मला वाटलं मागे मेघा उभी असेल, तिला विचारताहेत. वळून पाहिलं. कुणी नव्हतं. लग्न झाल्यापासून मला काय वाटतं हे या माणसानं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि विचारलं तेही काय — मी जगू की देव ठेवू? मी म्हटलं, काढून टाका. खरा असेल तर डॉक्टरच्या सुरीनं जाणारा नाही, आणि जाणारा असेल तर त्याच्यापायी मला तुम्हाला न्हाणीघरात मरू द्यायचं नाही. लसूण सगळा चेंगरला होता त्यांनी. मग म्हणाले, ‘बरं.’

झालं ऑपरेशन. नीट झालं. झटके गेले. आणि तोही गेला. शुद्धीवर आले तेव्हा मान उजवीकडे वळवायला पाहत होते, टाके होते म्हणून वळेना, मी म्हटलं, काय हवंय? म्हणाले, ‘काही नाही. काहीच नाहीये गं.’ आणि भिंतीकडे बघत राहिले. मला ते — जाऊ दे.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मंडळ हजर. दोन्ही बाजूंचे. टाळवालेही आले, पळालेलेही आले, सगळे चपला काढून बसले आणि आता कशाला मान डोलवायची याची वाट बघू लागले. शालिग्राम भाऊंनी विचारलं, सर, मग देव आहे की नाही? सर म्हणाले, ‘मला ठाऊक नाही. तुम्हाला काय वाटतं?’ अगं, तोंडं बघायला हवी होतीस तू. चहा झाला, उठले, गेले. नंतरच्या रविवारी कुणी आलं नाही. इतकी वर्षं चाललेलं मंडळ एका ‘ठाऊक नाही’नं बंद पडलं.

आता कसे आहेत? आहेत. दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसतात. लसूण बरा सोलतात आताशा. पहाटे देवघरापुढे बसतात, हात जोडत नाहीत, घंटा नाही, नुसतेच. परवा मी विचारलं, आता कुणी येत नाही तर बसता कशाला? म्हणाले, ‘बसून बघतो.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘रत्ना, तू इतकी वर्षं त्या डब्यामागच्या देवापुढे उभी राहायचीस. तुझ्या मागे तो कधी आला होता?’

मी म्हटलं, रोज यायचा.

आणि त्यांनी मान हलवली. ज्या माणसानं सगळ्या जगाकडे पुरावा मागितला त्यानं माझ्याकडे मागितला नाही, नुसतं म्हणाले, ‘मग असेल.’ तेव्हापासून चेहरा जरा निवळला आहे त्यांचा, दोन घास जास्त जातात. आता मी काय सांगू त्यांना? की कुणी आलं नव्हतं? कधीच नाही, बेटा. ना वास, ना माया, ना खांद्यामागे कुणी. पहाटे डबा ओढायचा तर समोर पितळ आणि मागे गॅसची शेगडी. इतक्या वर्षांत एकदा तरी यायला काय हरकत होती त्याची? आणि ज्यानं त्याला घरात घेतला नाही, त्याच्याकडे भर मंडळात आला — जळले मी, खरं सांगते, भाजी निवडता निवडता जळले. मग ठेवला कशाला होतास, विचारशील. देव आहे असं मला कधी वाटलंच नसेल तर? अगं, त्या घरात सरांना न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट होती माझी. तेवढ्यासाठीच मी त्याला —

अगंबाई, सोडलं का तुम्हाला, सर? काही नाही हो. शेवभाजी कशी करतात ते विचारत होती ही. हा तुमचा चष्मा, माझ्याकडे होता. चला.