मुलाणी सरांचा वर्ग उद्या भरणार आहे

काकी, सरांच्या घरची सगळी माणसं, हेडमास्तर, गुरुजन, आणि आजऱ्यातनं, गडहिंग्लजातनं, आसपासच्या गावांतनं आलेल्या माझ्या माणसांनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. मी काजूच्या कारखान्यात काम करणारी बाई. तिथं यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. इथं एवढी शांतता आहे की माझाच आवाज मला नकोसा वाटतोय. घरनं चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्यात ‘सर होते’ असं लिहिलंय. होते! आठ दिवसांमागं आपण सगळे ‘आहेत’ म्हणत होतो. तो कागद मी वाचणार नाही. जमेल तसं बोलते. सांभाळून घ्या.

माझ्या आधी सगळ्यांनी सरांचं चांगलं सांगितलं. सगळं खरं सांगितलं. मी मात्र सरांची एक चूक सांगणार आहे. सरांच्या मालकीणबाईंना, आपल्या काकींना, विचारून आलेय. काकी म्हणाल्या, “सांग की. ते स्वतःच भेटेल त्याला सांगायचे. तू कशाला झाकतीस?”

तर ऐका.

मी ह्याच शाळेत दहावीला होते. नजीर मुलाणी सर आम्हाला गणित शिकवायचे. मी मागनं तिसऱ्या बाकावर. सर फळ्यावर गणित सोडवायचे, वळायचे, विचारायचे, “कळलं का?” सगळा वर्ग म्हणायचा, “व्हय सर!” त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. आणि मला काही कळलेलं नसायचं. काही म्हणजे काहीच नाही. पण हात वर करून ‘न्हाय कळलं’ म्हणायला जी छाती लागते, ती नव्हती.

पूर्वपरीक्षेत गणितात अकरा मार्क पडले. शाळेनं वडलांना बोलावून घेतलं. सर वडलांना म्हणाले, “पोरगी कामसू हाय. पण गणित तिला जमत न्हाय. उगं ओढू नका.”

एवढंच. वाईट मनानं नाही म्हणाले. पण वडलांनी ते वाक्य जपून घरी आणलं. बोर्डाच्या परीक्षेत गणित आणि इंग्रजी दोन्ही विषय गेले. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पुन्हा परीक्षेला बसायचं का, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कारण मला जमत नाही, हे सरांनीच सांगितलं होतं ना?

सरांनी माझं लग्न लावलं, असं मी म्हणत नाही. ते वडलांच्या मनात होतंच. पण ते वाक्य माझ्याबरोबर सासरी आलं. बचत गटात सह्यांपुरती पुढं व्हायचे, हिशेब आला की मागं सरायचे. शेजारीण म्हणायची, शिवणकाम शिक. मी म्हणायचे, त्यात मापं असतात, मला जमत नाही. एकोणीस वर्षं.

मग कारखान्यात एक जागा निघाली. प्रतवारीवर देखरेख करायची. अख्खा काजू वेगळा, अर्धी पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, ते नीट होतंय का बघायचं. अकरा वर्षं मी तेच काम करत होते. डोळे झाकून सांगितलं असतं. पण दहावी पास पाहिजे होती. जागा एका नवीन मुलीला मिळाली, आणि तिला काम शिकवायला मला सांगितलं. तिचा काही दोष नव्हता. मी शिकवलं. आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर येऊन बसले.

तिथं सर भेटले. रिटायर झालेले, हातात भाजीची पिशवी. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “सुनंदा ना तू? मागनं तिसरा बाक?”

मी सगळं सांगून टाकलं. सर ऐकत राहिले. त्यांची गाडी आली आणि निघून गेली, तरी उठले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्या वडलांना मी एक वाक्य बोललो होतो. म्हाईत हाय तुला?”

म्हटलं, “म्हाईत हाय, सर.”

म्हणाले, “ते माझं चुकलं. तुला अकरा मार्क पडले, ते मी बघितलं. अकराच का पडले, ते बघितलं न्हाय. ते बघणं माझं काम होतं.”

माणसांनो, पस्तीस वर्षांच्या बाईपुढं, भर स्टँडवर, तिचे मास्तर म्हणतायत, माझं चुकलं. किती मास्तर म्हणतील? किती आईबाप म्हणतील?

आणि लगेच दुसरं वाक्य. “बाहेरनं फॉर्म भर. उद्या सकाळी साडेसहाला घरी ये.”

घरी आमच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “ह्या वयात? लोक हसतील.” मग जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “हसूदेत की. सकाळचा चहा माझा मी करतो.”

सरांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या बाहेरच्या खोलीत, तेव्हा सहा मुलं यायची. सगळी दहावीत अडकलेली. सातवी मी. ती मुलं मला मावशी म्हणायची.

पहिला महिनाभर मी काय केलं? वह्या सजवल्या. निळं पेन, काळं पेन, खाली लाल रेघ. धडेच्या धडे सुंदर अक्षरात उतरवून काढले. सरांना दाखवायला नेले. सरांनी पानं चाळली. म्हणाले, “अक्षर झकास हाय.” वही मिटली, स्वतःच्या मांडीखाली घेतली आणि म्हणाले, “आता ह्यातलं एक गणित कोऱ्या कागदावर सोडव.”

एक ओळ आली नाही. एक ओळ!

सर म्हणाले, “सुनंदा, हा अभ्यास न्हाय. ही नक्कल हाय. वही बंद केल्यावर जे उरतं, तेवढंच तुझं.”

त्या दिवसापासनं वही बंद करून लिहायचं. अडलं की उघडायची, बघायची, पुन्हा बंद. आणि ‘कळलं का’ हा प्रश्न सरांनी कायमचा सोडला होता. ते म्हणायचे, “आता तू मला शिकव.” शिकवायला लागलं की कळतंय का नाही, ते चव्हाट्यावर येतं. तिथं ‘व्हय सर’ चालत नाही.

भूमितीचं पुस्तक मी उघडतच नव्हते. रोज बीजगणितच करायचे, कारण ते यायला लागलं होतं. येतंय तेच करत बसायला बरं वाटतं की! सरांनी ओळखलं. म्हणाले, “कारखान्यात अख्खा काजूच फक्त निवडतीस आणि पाकळी तशीच टाकून येतीस काय?” मग माझ्याकडनंच सगळे धडे प्रतवारीला लावून घेतले. पूर्ण येतंय ते एकीकडं, अर्धं येतंय ते एकीकडं, अजिबात येत नाही ते एकीकडं. आणि रोजची सुरुवात अर्ध्या येणाऱ्यापासनं. “मार्क तिथंच दडलेत,” म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, मग मी पास झाले. नाही. मार्चमध्ये इंग्रजी सुटलं, बाकीचे विषय सुटले, गणितात एकतीस. चार मार्कांनी गणित गेलं.

कसं गेलं, ते सांगते. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी कुणीतरी मला एक अपेक्षित प्रश्नांचा संच दिला. ‘ह्यातलंच येणार हाय’ म्हणून. वर्षभर केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि दिवसभर तो संच उपसत बसले. जे बघावं ते नवीन. जेवण गेलं नाही. सरांना विचारलंसुद्धा नाही. पेपरला गेले तेव्हा जे येत होतं तेही डळमळलं होतं.

निकालानंतर पंधरा दिवस मी सरांच्या गल्लीतनं गेले नाही. लांबनं जायचे. एका सकाळी सर स्वतः आमच्या दारात. आमच्या मालकांनी त्यांना चहा दिला. सर म्हणाले, “उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची. अर्ज आणलाय. सही कर.”

मी म्हटलं, “सर, कशाला? मला जमत न्हाय, तुम्हीच म्हणाला होता.”

बोलून गेले. सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, “म्हणलो होतो. एकदा न बघता म्हणलो. ह्या बारीला बघून म्हणूया.”

झेरॉक्स आली. सरांनी चुकलेल्या गणितांकडं नजरसुद्धा टाकली नाही. शेवटी आले आणि विचारलं, “शेवटचे दोन प्रश्न कुठं हायत?”

मी म्हटलं, “तेवढेच प्रश्न होते.”

सरांनी प्रश्नपत्रिका माझ्यापुढं धरली आणि उलटली. मागच्या पानावर दोन प्रश्न होते. त्यातला एक मी सोप्यात चारदा सोडवला होता. परीक्षेत मी ते पान उलटलंच नव्हतं.

मी रडले. सर हसले. अगदी मोठ्यानं हसले. “पोरी,” म्हणाले, “तुला गणित जमतंय. पान उलटायला जमत न्हाय. ते मी एका दिवसात शिकवतो.”

जुलैच्या फेरपरीक्षेला रोज घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहिले. आधी सगळी पानं उलटायची. प्रश्नात ‘सिद्ध करा’ आहे का ‘काढा’ आहे, त्यावर बोट ठेवायचं. एका गणितावर अडलं तर जागा सोडून पुढं जायचं. गणितात बावन्न पडले. पुढच्या वेळी देखरेखीची जागा निघाली तेव्हा माझा अर्ज सगळ्यात वर होता. आज त्या कामावर मला चार वर्षं झाली. आणि ती चारही वर्षं सकाळी साडेसहाला मी सरांच्या सोप्यात होते, बीजगणित शिकवायला.

आता शेवटचं.

सरांना गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी वर्ग बंद ठेवून सगळ्या मुलांना भेटायला नेलं. सरांना बोलायला त्रास होत होता. तरी आमच्याकडं बघून जे चिडले! म्हणाले, “परीक्षा तोंडावर आलीया, आणि वर्ग बंद ठेवून मला बघाय आलासा? मी काय देखावा हाय? परत जावा.” नर्सबाई घाबरल्या. आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

त्यानंतर आठ दिवस वर्ग बंद आहे. सुतक म्हणा, दुःख म्हणा. मला वाटत होतं, सर नाहीत तर त्या सोप्यात बसायचं कसं? पण काल काकींनीच सतरंजी झाडून वाळत घातली. मला म्हणाल्या, “पोरं कवा येणार?”

उद्या येणार, काकी. उद्या सकाळी साडेसहाला वर्ग भरणार. बीजगणित मी घेते. भूमितीला ह्या शाळेच्या पाटील बाई येतो म्हणाल्यात. इंग्रजीला अजून कुणी नाही. इथं बसलेल्यांपैकी कुणाला येत असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा. नुसते हार घालून जाऊ नका.

वर्गातल्या अकरा मुलांनो, तुम्ही तिकडं भिंतीकडेला बसलाय, मला दिसताय. परीक्षेला तीन आठवडे राहिलेत. तेवढे पुष्कळ आहेत. नवीन पुस्तक आणू नका. कुणी ‘हमखास येणारे प्रश्न’ म्हणून काही पाठवलं तर ते बघू नका. घड्याळ लावून लिहा. झोपा. जेवा. आणि कळलं नाही तर ‘न्हाय कळलं’ म्हणा, मोठ्यानं म्हणा. मला दहादा विचारलंत तरी मी अकराव्यांदा सांगेन.

आईवडलांनो, गुरुजींनो, तुम्हालाही हात जोडून सांगते. मुलाला जमत नाही, असं त्याच्यासमोर म्हणू नका. त्याच्या पाठीमागंही म्हणू नका. आमच्या सरांनी ते एकदाच म्हटलं, आणि फेडायला शेवटपर्यंत पहाटे उठले.

आता आपण श्रद्धांजलीला उभं राहायचं आहे. पण सगळ्यांनी एकदम उठू नका. माझी एक विनंती आहे. इथं जे कुणी कधीतरी दहावीत नापास झालेत आणि नंतर सरांपाशी बसून सुटलेत, त्यांनी आधी उभं राहावं. लाजू नका. मी तर उभीच आहे.

…उठा. त्या तिकडं दवाखान्यातल्या सिस्टर उठल्या. पोस्टातले दादा उठले. मेडिकलवाले, तुम्हीही? मला ठाऊक नव्हतं. मागं अजून कोण उठतंय… अहो, संकोचू नका, उठा. आजी, तुम्ही? हळू, आधार घ्या.

मुलांनो, मागं वळून बघा. नीट बघा. एकेकाचा चेहरा बघा.

आता बाकीच्यांनी उठा. दोन मिनिटं. कुणी बोलू नका.