आधी भाऊ म्हणा

नाही, बहीण नाही — भाऊ. भाऊ म्हणा साहेब, मग पुढचं बोला. दुकानात पाय ठेवल्यापासून आपलं ‘तुमची बहीण, तुमची बहीण’ — आणि ते ‘मूळची बाई’, ‘खरं तर मुलगीच’ — किळस येते मला! मग काय म्हणायचं म्हणता? सोपं आहे की. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली. कुणी केली? ज्यानं केली त्यानं — बाळाला विचारून थोडीच केली! एवढं म्हटलं की तुमचं काम भागतं आणि माणसाची अब्रूही राहते.

आणि त्यानं लपवलं होतं का काही? पोटात कळ आली म्हणून सोफ्याचं काम अर्धं टाकून मी त्याला तुमच्या हॉस्पिटलात आणलं. स्वतःहून, हळू आवाजात सांगितलं त्यानं — डॉक्टर, जन्मावेळी मुलगी अशी नोंद आहे, आतलं सगळं तसंच आहे, तेही तपासा. आणि तुमचा तो दीडशहाणा — मी केसपेपर काढायला वळले नाही तोच पडदा सारून ओरडतो, ‘अरे या, दाढीवाली बाई बघा!’ आले की सगळे, हातात चहाचे कप घेऊन. एकानं पांघरूण उचललं. पांघरूण उचललं, साहेब! शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सांगितलं मला, त्यांना मान वर करवेना. मी परत येते तो खाट रिकामी — आणि हा बाहेर रस्त्यावर, भिंतीला धरून, दुमडलेला, ओठ पांढरेफटक. म्हणतो, ‘ताई, इथं मेलो तरी चालेल, आत नको.’

दुसरीकडे नेला. तिथल्या सिस्टरनं आधी पडदा ओढला, मग विचारलं, ‘दादा, जन्माच्या वेळी काय नोंद झाली होती? उपचारासाठी विचारते, दुसरं काही नाही.’ बस, एवढंच. रडला हो तो — कळ सोसताना नव्हता रडला, ‘दादा’ ऐकून रडला. अंडाशयाला पीळ पडला होता, लगेच ऑपरेशन. उशीर झाला असता तर ही फळं कुणासाठी आणली असतीत?

‘गैरसमज’? पांघरूण गैरसमजानं उचलतात? आणि तक्रार मागे घ्यायला त्याला सांगू नका, त्याला तक्रारीचा पत्ताच नाही — ती मी केलीय, माझ्या जिवावर. त्यानं तर शपथ घातलीय मला — ताई, कुणाला कळू देऊ नकोस, या गल्लीत मी भाऊ आहे, तेवढा राहू दे. इथं कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही, आत शिलाई मारतायत त्या मिस्त्रींनासुद्धा नाही, इतकी वर्षं एका डब्यात जेवतात दोघं — म्हणून तर मी तोंड शिवून —

मशीन का थांबलं?

मिस्त्री?... अहो मिस्त्री —

तुम्ही उठा, साहेब. फळं घ्या आणि निघा. मी फार मोठ्यानं बोलत होते का हो?... नको, सांगू नका. जा.