शिवण कुठल्या खात्यात?

(साल १९५०. कोल्हापूर, शिवाजी पेठेतला धोंडूआक्कांचा सोपा. पद्मजाबाई त्यांच्या भाडेकरू, कॉलेजात मराठी शिकवतात. नृसिंहराव तिथेच वनस्पतिशास्त्र. झाडांवरून पडलेल्या गावांच्या नावांवर दोघांना मिळून एकच प्रबंध करायचा होता; त्याची परवानगी मागून आत्ताच परतलेत.)

नृसिंह : ...आणि मग भाषेचे प्रोफेसर म्हणाले, शिवणवाडी म्हणजे शिंप्यांची वाडी. शिवणकाम करणारे. विषय संपला.

आक्का : त्या वाडीत शिंपी? अवो मास्तर, तिथली माणसं सदरा शिवायला पन्हाळा चढत्यात.

पद्मजा : मी तेच सांगितलं, आक्का. शिवण नावाचं झाड असतं, वाडी त्याची. तर म्हणाले, झाडं आमच्या खात्यात येत नाहीत.

आक्का : आन् झाडांचं सायेब?

नृसिंह : ते म्हणाले, झाड दाखवा. म्हटलं, कधीच तुटलं, नावात तेवढं उरलंय. तर म्हणाले, वनस्पतीला मूळ असतं, खोड असतं, पान असतं. नाव हा काही तिचा अवयव नव्हे.

आक्का : मला न्यायचं की. माझ्या आज्यानं बघितलंय ते झाड. येवढं मोठं, की सावली पार पन्हाळ्यावर पडायची. गडावरची माणसं भर दुपारी दिवं लावून जेवायची.

पद्मजा : गेल्या खेपेला आजा नव्हता, पणजा होता.

आक्का : झाड मोठं हुतं पोरी. दोघांनी मिळून बघितलं.

नृसिंह : शेवटी तोड निघाली. प्रबंध दोन करायचे. गावांची नावं बाईंची, झाडं माझी. बाईंनी पुण्याला जायचं, मी इथंच पन्हाळ्याची झाडं धुंडायची. एकानं दुसऱ्याच्या कामात लुडबुडायचं नाही.

आक्का : आख्खं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आन् तुमचं दोन विषय विलीन होईनात व्हय?

नृसिंह : संस्थानाला गाईड लागत नव्हता.

पद्मजा : मी हो म्हणाले, आक्का.

नृसिंह : लगेच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पद्मजा : बघितलं असतं तर नाही म्हणाले असते. तुम्ही वाट बघाल हो, दोन्ही विषय समजणारा गाईड येईपर्यंत. मला घरचे तेवढं थांबू देणार नाहीत. प्रबंध चाललाय म्हणून स्थळं बघणं राहिलंय.

आक्का : मग आयतवारी गाडी कुणासाठी जुंपायची? दोन वर्सं झाली, जुंपतोय. तुम्ही दोघं झाडाखाली भांडायचा, मी मधी बसून भाकरी खायाची. पेठेत कुणी इचारलं तर सांगायचं, रानातला अब्यास हाय.

नृसिंह : अभ्यासच होता तो.

आक्का : व्हय की. मी कवा न्हाय म्हटलं?

नृसिंह : बाई, झाड नाही म्हणून शिवणवाडी माझ्या प्रबंधात येणार नाही. तुमच्यात आली तर शिंप्यांची होऊन येणार. मग आपली वाडी ठेवायची कुठं?

पद्मजा : सध्या कुठंच नाही.

आक्का : मी च्या ठेवतो. लाकडं वली हायत, उशीर लागंल.

पद्मजा : ... गेल्या आक्का. पुण्यात जी खोली मिळालीय ना, तिच्या खिडकीशी एक झाड आहे म्हणे. मालकिणीला नाव ठाऊक नाही. मी कुणाला विचारू?

नृसिंह : पत्रातून पान पाठवा. एका वेळी एकच.